गावी न घालवलेली सुट्टी

दत्ता,

परवा तुझा दहावा झाला. तिकडे नागावच्या समुद्रावर भाऊजींनी पिंड मांडले आणि मी इथे अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलाशी बसून, फोनवर ते बघत होते. आपली रेवा शेजारी होती. तिकडचा फोन कुणा पुतण्याने धरला होता. त्याचा हात हलला की सुरूची झाडं तिरकी व्हायची. कावळे होते, भरपूर होते. वाळूत उतरत होते, दोन पावलं चालत होते आणि परत सुरूवर जाऊन बसत होते. पिंडाला कोणी शिवेना. मग काय होतं ते तुला मी सांगायला नको. जो तो तुझी इच्छा ओळखायला लागला. कुणी म्हणालं, रेवाचं लग्न थाटात करू. कुणी म्हणालं, घराचं राहिलेलं प्लास्टर पावसाच्या आत पुरं करू. तुझ्या नारळांना पाणी घालण्याचं कबूल करून झालं. एक कावळा नारळांच्या नावावर जरा पुढे आला, पण तोही मागे फिरला.

मग भाऊजींनी पुतण्याच्या हातातून फोन घेतला. "वसुधा," ते म्हणाले, "माझा भाऊ तुझ्यापायी अडलाय. सांग त्याला, गावी येऊन राहते म्हणून. एवढं एक वाक्य बोल." आणि त्यांनी फोन पिंडासमोर धरला. माझ्या समोर आता भाताचे गोळे, काळे तीळ आणि वाळू, एवढंच. रेवाने माझं कोपर धरलं आणि हळूच म्हणाली, "आई, जस्ट से इट. इट्स ओन्ली वर्ड्स."

मी बोलले नाही. घसा दाटला म्हणून नाही. मला बोलायचं नव्हतं म्हणून. तिकडे ऊन चढत गेलं, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि काम उरकलं. भाऊजींनी फोन बंद केला. तेव्हापासून त्यांचा फोन नाही.

तुझ्याशी खोटं बोलणं मला कधीच जड गेलं नव्हतं. फ्रोझन सुरमई ताजी म्हणून किती वर्षं खायला घातली आणि तू "आज मासा बरा मिळाला" म्हणत बोटं चाटत राहिलास. पण हे आपलं भांडण होतं, दोघांचं, अर्धं राहिलेलं. ते अख्ख्या आळीसमोर, तू उत्तर द्यायला नसताना, मी एकटीने कसं मिटवायचं? आणि मिटवायचं तेही तुझ्या बाजूने?

भाऊजींचा राग त्याआधीपासूनचा आहे, तेही तुला सांगायला हवं. त्यांना तुला गावी न्यायचं होतं. रेवाने आणि मी इथेच, दुबईत, उरकायचं ठरवलं. ते व्हिजिट व्हिसावर धावत आले, अग्नी त्यांनीच दिला, अस्थी घेऊन गेले, आणि विमानतळावर मला म्हणाले, "तू दहाव्याला येशीलच." मी कागदपत्रांचं कारण सांगितलं. कारण खोटं नव्हतं. तुझा व्हिसा, कंपनीचं क्लिअरन्स, रास अल खैमाची खोली, सगळं माझ्याच गळ्यात होतं. पण खरं सांगू? गेले असते तर तिथून त्यांनी मला परत सोडलं नसतं. चार बायका जमल्या असत्या, माझी बॅग उघडून साड्या कपाटात लावल्या असत्या, आणि मला उठून नाही म्हणायची ताकद नव्हती. म्हणून गेले नाही. तुझ्या दहाव्याला तुझी बायको गावात नव्हती, असं आता पुढची वीस वर्षं तिथे बोललं जाईल.

आपला संसार कुणाला समजावून सांगायची सोय नव्हती. नवरा एका अमिरातीत, बायको दुसरीत. तू रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात भट्ट्यांवर, मी अल कुसैसला शाळेत केमिस्ट्री शिकवणारी. रस्ता सव्वा तासाचा, पण शारजाजवळ तुंबला की दोन-अडीचचा, म्हणून तू तिकडेच खोली घेतलीस आणि वीकेंडला येत राहिलास. रेवा लहान होती तेव्हा शाळेत तिने चित्र काढलं होतं, 'माय फॅमिली', त्यात तू बॅग घेऊन दारात उभा. बाई म्हणाल्या, फादर कुठे निघाले? रेवा म्हणाली, "नो मिस, ही इज कमिंग." लग्नानंतर तुझ्या आईसमोर मी तुला अहो म्हणायचे. इथे आल्यावर फोनवर रोजचा हिशेब, रोजची कटकट, 'अहो'चा 'तू' कधी झालास मला कळलंही नाही. नागावला उतरलं की पुन्हा अहो. विमानात कुठेतरी ते बदलायचं.

एक गोष्ट मात्र मला नेहमी टोचायची. तू शुक्रवारी निघताना फोन करायचास आणि म्हणायचास, "तुझ्याकडे येतोय." कधी "घरी येतोय" म्हणाला नाहीस. घर म्हणजे नागाव. रास अल खैमाची ती 'खोली', आणि माझं ते 'तुझ्याकडे'.

आणि सुट्टी म्हणजेही नागाव. इथल्या कुठल्याही माणसाला विचार, सुट्टी म्हणजे गाव. आधी तुझ्या बहिणीचं लग्न, मग बाबांचं आजारपण, मग जोतं, मग स्लॅब, मग आईचं आजारपण. शाळेतल्या बायका जॉर्जियाला जाऊन बर्फात फोटो काढून यायच्या आणि मी अलिबागच्या बाजारात नळाच्या तोट्या निवडून. त्यामुळे मागच्या पावसाळ्यात तू जेवता जेवता म्हणालास, "या वेळी नागाव नाही, मेक्सिकोला जाऊ," तेव्हा रेवाने घास खाली ठेवला. "बाबा, आर यू ओके?"

दोष रामिरोचा. तुमच्या कारखान्यात नवी मशिनं बसवायला मेक्सिकोतल्या युकातानहून आलेला तो गोल चेहऱ्याचा माणूस. हिवाळ्यात तुम्ही वाळवंटात पोपटी लावलीत तेव्हा तोही आला होता. पोपटी म्हणजे तुझा धर्मच. मसाफीच्या रस्त्यावरच्या बाजारातून आणलेलं मडकं, गावाहून सामानात दडपून आणलेल्या वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मसाला चोळलेली कोंबडी, जाडं मीठ आणि ओवा. भांबुर्डीचा पाला इथे मिळत नाही म्हणून केळीची पानं. मडकं उपडं घालून भोवती जाळ. तू मडक्यावर पाण्याचा हबका मारायचास आणि ते चर्र करून उडालं की जाहीर करायचास, झाली. रामिरोने पानाचा वास घेतला आणि म्हणे त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याच्या आईकडे खड्डा खणून, दगड तापवून, केळीच्या पानात गुंडाळून असंच जमिनीत पुरून शिजवतात. त्याला पिब म्हणतात. माया लोकांपासूनची रीत. त्या दिवसापासून तू त्याला सख्खा भाऊ मानलास. तो परत गेल्यावरही तुम्ही एकमेकांना खड्ड्यांचे फोटो पाठवत होतात. इतर पुरुष काय काय फोटो पाठवतात आणि माझा नवरा खड्डे.

मी मात्र हरखले होते. बिनपगारी रजा घेतली, प्रिन्सिपलची बोलणी खाल्ली. एवढ्या वर्षांनी माझ्यासाठी काहीतरी, असं वाटलं. निवृत्तीआधीची तुझी ही शेवटची सुट्टी होती आणि ती तू मला दिलीस. तेव्हा असंच वाटलं.

आणि मजा आलीच रे. ती मी नाकारणार नाही. तो हिरवा उथळ समुद्र, झावळ्यांनी शाकारलेल्या खानावळी, पायाखाली वाळू. लाल वाटण चोळून, आंबट संत्र्याच्या रसात मुरवून, केळीच्या पानात भाजलेला मासा आला आणि तू पान उलगडता उलगडता म्हणालास, "हा आपल्या पोपटीचा मावसभाऊ." भोपळ्याच्या बिया आणि भाजलेल्या टोमॅटोची ती घट्ट चटणी मी तीनदा मागून घेतली. मिरची तू पैज लावून खाल्लीस आणि अर्धा तास आ वासून समुद्राकडे तोंड करून बसलास. होडीतून आपण फ्लेमिंगो बघायला गेलो. दोन्ही बाजूंना तिवरं, मध्ये पाणी, आणि पुढे गुलाबी पट्टाच्या पट्टा. होडीवाला मोठ्या अभिमानाने आपल्याकडे बघत होता. तू म्हणालास, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. रास अल खोरला तुझ्या फ्लॅटपासून वीस मिनिटांवर हेच फुकट उभे असतात." मी इतकी हसले की होडी हलली.

पण तुझं सारखं चाललेलं असायचं. ही तिवरं रेवदंड्यासारखी. हा नारळ आपल्यापेक्षा बुटका. ही होडी आपल्याकडे असती तर डांबर लावलं असतं. अख्ख्या जगाला तू नागावची फूटपट्टी लावायचास. जमिनीखालचं ते गोड्या पाण्याचं निळं तळं बघायला गेलो तर परत वर येताना तू मध्येच पायरीवर बसलास आणि म्हणालास, बूट चावतोय. बूट काढून चोळत बसलास. मी वरून ओरडत होते, अरे चल, गाडी थांबलीय. बूट चावत नव्हता ना रे? आता त्या पायऱ्या मी रोज चढते. सुट्टी खराब होऊ नये म्हणून तू गप्प बसलास, हे मला समजतं, आणि समजतं म्हणून जास्त संताप येतो. कुणी मागितला होता असला चांगुलपणा?

मग आपण रामिरोच्या गावी गेलो. आपण मुद्दाम ते दिवस धरले होते, कारण त्यांच्याकडे तेव्हा मेलेली माणसं जेवायला येतात. आपला पितृपक्षच, फक्त गाणी जास्त. दारात झेंडूचे ढीग बघून तू म्हणालास, "दसरा आहे काय?" रामिरोची आई, दोन्या एल्सा, दोन्या म्हणजे आपलं बाई, एवढीशी, पांढऱ्या झग्यावर रंगीत फुलं भरलेली. तिने आदल्या दिवसापासून मका चुन्याच्या पाण्यात भिजवून दळला होता. माझ्यातली केमिस्ट्रीची बाई जागी झाली आणि मी त्या पाण्यात बोट बुडवून चाखलं, तर तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला. आपल्यासाठी डुकराची चरबी न घालता वेगळं पीठ मळलं होतं. त्या पिठाची जाड पोळी, आत कोंबडी आणि चवळीसारखे कोवळे दाणे, वरून पुन्हा पीठ, मग केळीची पानं, दोरीने बांधून तप्त दगडांवर. वर पाला, गोणपाट आणि माती. तू खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसलास आणि उठलाच नाहीस. भट्टीपुढे आयुष्य घालवलेला माणूस. मातीला हात लावून लावून बघत होतास.

घरात टेबल मांडलं होतं. मेणबत्त्या, फोटो, पिबचे तुकडे, चॉकलेटचं गरम पेय. एक ताट वेगळं, ज्यांचं कुणी उरलेलं नाही अशा मेलेल्यांसाठी. एल्साने आपल्याला विचारलं, तुमचं कोण? तू फोनमधला आईंचा फोटो काढून दिलास. तिने तो तसाच फोटोंच्या रांगेत उभा केला आणि पुढे एक तुकडा ठेवला. आईंना जाऊन वर्ष झालं होतं आणि पितृपक्षात तुझ्या भट्ट्यांच्या दुरुस्तीचा शटडाऊन आला म्हणून तू नागावला जाऊ शकला नव्हतास. हे मला माहीत होतं. तुझ्या मनात ते किती सलत होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

कारण तू काय केलंस? सगळे प्रार्थनेला उभे असताना तू शांतपणे आईंच्या पुढचा तो तुकडा उचललास, मागच्या अंगणात गेलास, दगडी कुंपणावर ठेवलास, आणि कमरेवर हात ठेवून "काव, काव" करायला लागलास. प्रार्थना थांबली. घरातली सगळी माणसं दारात येऊन उभी. रामिरोला घाम फुटला. "दत्ता, नो, नो, देअर सोल हॅज नॉट इटन येट!" त्यांचे आत्मे वासाने जेवतात, त्यांचं होईतो ताटाला कोणी हात लावत नाही, आणि तू तर ताटच बाहेर काढलंस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तुझा शर्ट ओढत होते. तेवढ्यात एक काळाकुळकुळीत, लांब शेपटीचा पक्षी आला, तुकड्याभोवती एक फेरी मारली आणि घेऊन गेला.

मी म्हणाले, "अरे, तो कावळा नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. तुझे गाल ओले होते. "वसू, एवढ्या लांब आईने बदली पाठवला असेल." एल्साला रामिरोने समजावलं असावं. ती आली, तुझ्या छातीपर्यंतच पोचत होती, तिने तुझे दोन्ही हात धरले आणि आत जाऊन आईंच्या फोटोपुढे दुसरा तुकडा ठेवला. त्या क्षणी मी तुझ्यावर जेवढं प्रेम केलं तेवढं त्याआधी कधी केलं होतं का, मला शंका आहे.

आणि त्याच जेवणात तू माझं डोकं फिरवलंस.

रामिरोने विचारलं, रिटायर झाल्यावर काय? तू तोंडातला घास गिळून म्हणालास, "एप्रिलमध्ये आम्ही गावी जातोय. कायमचे. दोघं." त्याने आईला सांगितलं. म्हातारीने टाळ्या वाजवल्या आणि माझ्या कपाळाचा मुका घेतला. तिला आणि मला ही बातमी एकाच वेळी कळली, दत्ता. मेक्सिकोतल्या एका आजीला आणि तुझ्या बायकोला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रापुढच्या व्हरांड्यात आपलं जे झालं, ते मला शब्दनशब्द आठवतंय.

"तू मला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? घर बांधलंय ना. एवढी वर्षं कशासाठी राबलो?"

"तू राबलास. मी काय माशा मारत होते?"

"तू पण राबलीस. म्हणून तर म्हणतो, आता खलास. बास."

"माझं नाही बास झालेलं. माझी नोकरी आहे, रेवा इथे आहे. तुझी नोकरी संपतेय ना, मग तू ये. आता तू माझ्याकडे राहा. एवढी वर्षं शनिवार-रविवारचा नवरा होतास, आता सोमवारचा हो."

तू झोपाळ्यात पाय हलवलेस. मग म्हणालास, "म्हणजे बायकोच्या व्हिसावर?"

"मी आले होते ना तुझ्या व्हिसावर?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"वेगळं म्हणजे वेगळं. आणि तिथे मी दिवसभर करू काय? मॉलमध्ये फेऱ्या मारू? तुझे डबे भरू?"

"भर. मी तुझे भरले."

तू उठून पाण्यात चालत गेलास, गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिलास, पाठमोरा. मी म्हटलं, राहा उभा. येताना दोन विमानं बदलली, आपण एकमेकांशी फक्त "पासपोर्ट तुझ्याकडे आहे ना" एवढंच बोललो. रेवा घ्यायला आली होती. ती म्हणाली, "सो हाऊ वॉज इट?" आपण दोघं एकदम म्हणालो, "मस्त."

त्यानंतर ते भांडण आपण नीट भांडलोच नाही. तू मिठाची गुळणी धरलीस. शुक्रवारी यायचास, भाजी आणून द्यायचास, रेवाशी क्रिकेटवर बोलायचास, रविवारी संध्याकाळी बॅग उचलायचास. एप्रिलचा विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढायचा. मीही हट्टाला पेटले होते. मला वाटायचं, याने परस्पर तिकिटं काढली असतील. तुला वाटत असेल, हिने ठरवलंय ते ठरवलंय. जानेवारीत तू वाळवंटात पोपटी न लावता पिब लावलंस, वाडीतले, म्हणजे इथल्या कोरड्या ओढ्यातले, दगड आणून. खड्ड्याची वाळू आत कोसळली. कोंबडी एका बाजूने करपली, एका बाजूने कच्ची, आणि दातांखाली कचकच. तुझे मित्र बिचारे "बढिया है" म्हणत होते. मी म्हणाले, "वाळूत खड्डा टिकत नाही, हे भट्टीवाल्याला कळू नये?" तू हसलास. तोंड काळं झालेलं, डोक्यात राख. तुझ्याशी मी सरळ बोललेलं ते शेवटचं मोठं वाक्य असेल. नंतर बोलले ते सगळं दूध, लाईट बिल आणि रेवाच्या गाडीबद्दल.

मग तो मंगळवार. मी लॅबमध्ये होते, मुलं ब्युरेट लावत होती. ऑफिसातून बोलावणं आलं. शौकतचा फोन. शौकत, तुझा खोलीतला भागीदार, चिपळूणचा. आधी तो हिंदीत बोलत होता, मग रडायला लागला तेव्हा मराठीत. भट्टीपाशी खाली बसलास, पाणी मागितलंस, पाणी येईपर्यंत गेलास. सव्वा तासाचा तो रस्ता, जो तू दर आठवड्याला यायचास, तो मी टॅक्सीत एकटी उलटा गेले. ड्रायव्हर पठाण होता. त्याने रेडिओ बंद केला. हॉस्पिटलमध्ये तुझ्यावर चादर होती, पाय उघडे, बूट कुणीतरी काढून खाली नीट जोडून ठेवलेले. त्यांवर भट्टीची पांढरी धूळ. तुझ्या कपाळाला हात लावला तर ते गार होतं, आणि मला एवढंच सुचलं की तुझं कपाळ कधी गार नसायचं.

काल मी तुझी खोली रिकामी करायला गेले. इतक्या वर्षांत मी तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा आले असेन. दोन पलंग, एक खिडकी, खिडकीतून डोंगर. शौकतने रजा काढली होती. त्याने तुझे शर्ट घड्या करून ठेवले होते, माझ्यापेक्षा बऱ्या घड्या. आम्ही चहा प्यायलो. मी त्याला दहाव्याचं सांगितलं. का सांगितलं ठाऊक नाही, कुणाला तरी सांगायचं होतं. म्हणाले, तुझा दोस्त माझ्यावर रागावून गेला, गावी यायला मी तयार नव्हते म्हणून.

शौकतने कप खाली ठेवला. "भाभी, गावाचं कोण बोललं तुम्हाला?"

"तोच. अजून कोण?"

"तो तर तुमच्याकडे येणार होता."

मी घड्या केलेल्या शर्टांतला वरचा उचलून मांडीवर घेतला.

"त्या करपलेल्या पोपटीच्या नंतर बोलला मला. गेला होता ऑफिसात, व्हिसाचं बघतो त्या पीआरओकडे विचारायला, बायकोच्या व्हिसावर नवऱ्याला राहता येतं का म्हणून. तो मलबारी हसला, तर याने त्याला झापलं. म्हणाला, हसतोस काय, हबीबी, माझी बायको कमावते."

"मग मला का नाही सांगितलं?"

शौकतला हसू आवरेना आणि रडूही. "मी बोललो ना त्याला, यल्ला, चल, फोन कर, सांग. तर म्हणतो, आत्ता सांगितलं तर ती जिंकल्यासारखी बघेल. जरा थांबतो. एप्रिल जवळ आला की सहज सांगतो." मग तो खिडकीकडे बघून म्हणाला, "पण घाबरला होता, भाभी. रोज रात्री लाईट बंद केली की विचारायचा, शौकत, मला तिकडे करमेल काय रे? मी बोलायचो, इन्शाल्ला करमेल, घर तुझंच तर आहे. तर बोलायचा, नाही रे, घर तिचं आहे. मला शिकावं लागेल."

मी तिथे रडले नाही. तुझ्या बॅगा खाली नेल्या, रेवाच्या गाडीत घातल्या, शौकतला तुझं घड्याळ दिलं, हायवेला लागले आणि शारजाच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन थांबवावी लागली.

मूर्ख माणसा. होय, मी बघितलं असतं जिंकल्यासारखी. चांगली आठवडाभर बघितलं असतं, रेवाला फोन करून सांगितलं असतं, शाळेत सगळ्यांना सांगितलं असतं. एवढा हक्क होता माझा. मग तुला कपाटातले वरचे दोन कप्पे रिकामे करून दिले असते. पहिला महिना तू कुरकुरला असतास, लिफ्टला नावं ठेवली असतीस, खालच्या बकालावाल्या वाण्याशी उगाच वाद घातला असतास. डबे तू वाईट भरले असतेस आणि मी ते शाळेत नेऊन खाल्ले असते. बाल्कनीत काहीतरी पुरून शिजवायचा प्रयत्न केला असतास आणि बिल्डिंगवाल्यांनी आपल्याला नोटीस दिली असती. एके दिवशी तू मासे घ्यायला गेला असतास, आणि परत येताना फोन करून म्हणाला असतास, घरी येतोय, काही आणू का. एवढंच हवं होतं मला. नागाव मी दर सुट्टीला तुला दिलं असतं.

करमलं असतं रे तुला.

आज संध्याकाळी भाऊजींना फोन करायचा आहे. त्यांना काय सांगू, मला कळत नाही. तुझी इच्छा काय होती हे तिथल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं, हे त्यांना पटणार नाही. रेवा ऑफिसला गेलीय. तुझ्या बॅगा हॉलमध्ये आहेत, उघडलेल्या नाहीत. नोकरी आहे, व्हिसा आहे, फ्लॅट आहे. वाद मी जिंकले, दत्ता, आणि मला इथे करमत नाही.